जिवंतपणी एकही पुस्तक छापलं नाही, तरी आज कोरियातल्या शाळकरी पोरालाही हा कवी माहीत असतो

परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या घरातली ट्रंक उघडा. जमिनीचे कागद निघतील आणि त्यात एखादा कागद उर्दूत लिहिलेला असेल. सही आजोबांची किंवा पणजोबांची, जमीन आपली, पण कागदावर काय लिहिलंय ते घरात एकालाही वाचता येत नाही. कोर्टात प्रकरण गेलं की मग उर्दू वाचणारा जाणकार शोधत फिरायचं.

कारण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं तेच मुळी उर्दू माध्यमाचं. घरात मराठी बोलायची, शेतात मराठी बोलायची आणि शिकून साहेब व्हायचं असेल तर उर्दूत.

याच परभणीत बी. रघुनाथ नावाचा माणूस बांधकाम खात्यात नोकरी करत होता. पूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म १९१३ चा, त्यावेळच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात मराठी कथा, कविता, कादंबऱ्या. १९५३ साली, वय अवघं ४० असताना ते गेले. मराठवाड्यातल्या आधुनिक मराठी साहित्याची गोष्ट त्यांचं नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण गोष्ट कोरियाची होती ना?

तर झालं असं, की बी. रघुनाथ परभणीत लिहीत होते त्याच वर्षांत, हजारो किलोमीटर लांब, त्यांच्याहून चार वर्षांनी लहान असलेला एक पोरगाही आपल्या भाषेत कविता लिहीत होता. फरक एवढाच की त्याच्या भाषेत लिहिणं हाच पुढे पोलिसांच्या फाईलमधला पुरावा झाला.

त्याचं नाव यून दोंग-जू.

के-ड्रामा बघणाऱ्यांनी हे नाव कदाचित ऐकलं असेल. 'व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स'मधला साधाभोळा पोलिस आठवतोय? तो कांग हा-नेउल. त्यानेच २०१६ साली 'दोंगजू' नावाच्या कृष्णधवल सिनेमात या कवीचं काम केलंय. दिग्दर्शक ली जून-इक. वेळ मिळाला तर बघा, पण आधी खरी गोष्ट वाचा.

यून दोंग-जूचा जन्म ३० डिसेंबर १९१७ चा. गंमत म्हणजे तो कोरियात जन्मलाच नाही. त्याचं गाव म्योंगदोंग हे तुमेन नदीच्या पलीकडे, मांचुरियात होतं. आज तो भाग चीनच्या जिलिन प्रांतात येतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कोरियातली दुष्काळाने आणि गरिबीने पिचलेली शेतकरी कुटुंबं नदी ओलांडून तिकडे गेली, पडीक जमीन नांगराखाली आणली आणि वस्त्या केल्या. यूनचं घराणंही असंच तिकडे गेलेलं.

१९१० साली जपानने कोरिया गिळला. मग या नदीपलीकडच्या वस्त्यांना वेगळंच महत्त्व आलं. कोरियात जे बोलता येत नाही ते इथल्या शाळांमध्ये शिकवलं जायचं. म्योंगदोंगची शाळा त्यात नावाजलेली, आणि ती उभी करणारे किम याक-योन म्हणजे यूनचे सख्खे मामा. घर ख्रिश्चन, वडील शिक्षक, आजोबा चर्चमधले मानाचे माणूस. खाऊनपिऊन सुखी, शिकलेलं कुटुंब.

या घरात १९१७ साली दोन पोरं जन्मली. सप्टेंबरमध्ये सोंग मोंग-ग्यू आणि डिसेंबरमध्ये यून दोंग-जू. सोंग हा यूनचा आतेभाऊ. त्याचे आईवडील तेव्हा याच घरात राहत होते. तीन महिन्यांच्या अंतराने एका छपराखाली जन्मलेले हे दोघे पुढे एकाच शाळेत शिकले, एकाच कॉलेजात गेले, चार दिवसांच्या अंतराने पकडले गेले आणि एकाच तुरुंगात तीन आठवड्यांच्या अंतराने मेले. ही गोष्ट एकट्या यूनची सांगताच येत नाही.

दोघांचे स्वभाव मात्र दोन टोकांचे. सोंग धडाडीचा, बोलका, पुढे होणारा. यून लाजाळू, हळू बोलणारा. पण मुखदुर्बळ म्हणून कोपऱ्यात बसणाराही नव्हे. लोंगजिंगच्या शाळेत असताना तो फुटबॉल खेळायचा, आणि टीमच्या जर्सीवरचे नंबर घरच्या शिलाई मशीनवर स्वतः शिवून द्यायचा, अशी आठवण त्याच्या जवळच्यांनी सांगितली आहे.

सोंग लिहिण्यातही पुढे होता. सतराव्या वर्षी त्याने सोलच्या 'दोंग-आ इल्बो' या मोठ्या पेपरच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलं. घरात, गावात कौतुक. यूनला बहुतेक हे लागलं असावं. कारण त्याच सुमारास, २४ डिसेंबर १९३४ पासून, त्याने आपल्या प्रत्येक कवितेखाली तारीख टाकायला सुरुवात केली. ही सवय त्याने शेवटपर्यंत सोडली नाही. आज त्याच्या आयुष्याचा एवढा बारीक हिशोब लागतो तो या तारखांमुळे.

१९३५ साली यून प्योंगयांगच्या सूंगसिल शाळेत गेला. ही अमेरिकन मिशनऱ्यांची शाळा. तेव्हा जपानी सरकारने फर्मान काढलं होतं, की सगळ्या शाळांनी शिंतो मंदिरात जाऊन झुकलं पाहिजे. सूंगसिलच्या मुख्याध्यापकांनी नकार दिला, तर त्यांनाच हटवलं. मुलं भडकली. यूनने शाळा सोडली आणि घरी परतला. १९३८ साली ती शाळा बंदच झाली.

घरी आल्यावर त्याला ज्या शाळेत नाव घालावं लागलं ती जपान्यांच्या ताब्यातली होती. याच काळात तो लहान मुलांसाठी कविता लिहीत होता, आणि त्यातल्या काही तिकडच्या एका बालमासिकात छापूनही आल्या. छापलेलं नाव बघायचं सुख त्याला आयुष्यात फार थोडं मिळालं. त्यातलं बरंचसं या बालकवितांचं.

आणखी एक किस्सा सांगण्यासारखा आहे. बेक सोक नावाच्या कवीचा संग्रह १९३६ साली आला होता. प्रती छापल्या फक्त १००. मांचुरियाच्या कोपऱ्यातल्या पोराला ती प्रत कुठून मिळणार? शेवटी एका लायब्ररीत पुस्तक सापडलं, तर यूनने ते अख्खं हाताने उतरवून काढलं. झेरॉक्स नसलेल्या काळातला हा पुस्तकवेडा. पुस्तक हाताने उतरवायची ही सवय पुढे त्याच्याच कविता वाचवायला कामी येणार होती.

मग आला तो प्रसंग जो आपल्याकडे बारावीनंतर घराघरात होतो. वडील म्हणाले डॉक्टर हो. पोरगा म्हणाला साहित्य शिकणार. वडिलांनी स्वतः तरुणपणी साहित्याचा नाद केला होता, त्यामुळे त्यात पोट भरत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. घरात जोरदार वाजलं. शेवटी आजोबा मध्ये पडले आणि नातवाच्या बाजूने निकाल लागला.

१९३८ च्या एप्रिलमध्ये यून आणि सोंग दोघे सोलच्या योन्ही कॉलेजात दाखल झाले. आजचं प्रसिद्ध योन्सेई विद्यापीठ ते हेच.

हे वर्ष लक्षात ठेवा. १९३८ सालीच जपानी सरकारने शिक्षणाचे नियम बदलले आणि कोरियातल्या शाळांमध्ये कोरियन हा सक्तीचा विषय राहिला नाही. कागदावर तो ऐच्छिक होता, प्रत्यक्षात शाळांमधून नाहीसा व्हायला लागला. शाळेच्या आवारात कोरियन बोललं तर शिक्षा. १९४० साली कोरियन माणसांनी जपानी पद्धतीची आडनावं घ्यावीत अशी मोहीम निघाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'दोंग-आ इल्बो' आणि 'चोसून इल्बो' हे दोन्ही मोठे कोरियन पेपर बंद पाडले गेले.

इथे जरा थांबून एक फरक सांगायला हवा, नाहीतर आपण भावनेच्या भरात दोन्ही गोष्टी एकाच तागडीत तोलू. निजामाच्या राज्यात मराठीची गळचेपी झाली हे खरं. सभा घ्यायची तर परवानगी, खाजगी शाळा काढायची तर परवानगी, वाचनालयावरही सरकारचा डोळा. पण मराठी माणसाचं आडनाव बदला असं कुणी सांगितलं नव्हतं. शिवाय उर्दू परभणीच्या गल्लीतलीच भाषा होती आणि आहे. बी. रघुनाथांना नोकरी सांभाळून मराठीत पुस्तकं छापता आली, ती पुण्या-मुंबईपर्यंत वाचली गेली. कोरियात १९४० नंतर छापायची जागाच शिल्लक राहिली नव्हती. परभणीला पुणे होतं. यूनला पुणे नव्हतं.

तर अशा काळात हा पोरगा कोरियन भाषा आणि साहित्य शिकत होता. योन्हीत त्याला कोरियन व्याकरण शिकवायला चोई ह्योन-बे होते, म्हणजे त्या भाषेतला अगदी वरचा अभ्यासक. पुढे १९४२ च्या ऑक्टोबरपासून जपान्यांनी कोरियन शब्दकोश तयार करणाऱ्या मंडळींची धरपकड केली तेव्हा चोई सरही आत गेले. त्या प्रकरणात दोन अभ्यासक तुरुंगात मेले. शब्दकोश केला म्हणून.

कॉलेजात यूनला एक जिवाभावाचा मित्र मिळाला. जोंग ब्योंग-उक. वयाने पाच वर्षांनी लहान, दोन वर्षं मागच्या वर्गात. १९४१ साली दोघे सोलमध्ये किम सोंग या कादंबरीकाराच्या घरी खोली घेऊन राहिले. सकाळी मागच्या डोंगरावर फिरायला जायचं, संध्याकाळी पुस्तकांची दुकानं धुंडाळायची, रात्री गप्पा. यूनच्या सगळ्यात गाजलेल्या कवितांपैकी बऱ्याच या वर्षातल्या आहेत. पण घरमालक लेखक, तोही सरकारच्या नजरेत असलेला. पोलिस यायचे, पोरांच्या कपाटातल्या पुस्तकांची नावं लिहून घ्यायचे, पत्रं उचलून न्यायचे. शेवटी दोघांनी खोली बदलली.

१९४१ च्या शेवटी कॉलेज संपत आलं. यूनने आपल्या १९ कविता निवडल्या आणि ठरवलं की कॉलेज संपल्याची आठवण म्हणून छोटं पुस्तक काढायचं. प्रती किती? ७७. पुस्तकाचं नाव आधी त्याने 'इस्पितळ' ठेवलं होतं. त्याचं म्हणणं असं, की सध्या सगळीकडे आजारी माणसंच दिसतात, म्हणून हे नाव. नंतर बदलून केलं 'आकाश, वारा, तारे आणि कविता'.

वही घेऊन तो ली यांग-हा या आपल्या प्राध्यापकांकडे गेला. त्यांनी वाचलं आणि सल्ला दिला की आता छापू नकोस. काही कविता सेन्सॉरला खटकतील आणि पोर जपानला शिकायला निघालाय, उगाच नजरेत येईल. सर घाबरट होते का? मला तसं वाटत नाही. त्या वर्षी तोच सल्ला शहाणपणाचा होता.

मग यूनने काय केलं? बेक सोकचा संग्रह उतरवला होता तसाच स्वतःचा संग्रह हाताने उतरवला. तीन प्रती. एक स्वतःला, एक सरांना, एक जोंग ब्योंग-उकला. ७७ प्रतींचं पुस्तक तीन वह्यांवर आलं.

आता जपानला जायचं म्हणजे जपानी नावाची कागदपत्रं हवीत. २९ जानेवारी १९४२ ला त्याने कॉलेजात नाव बदलल्याचा कागद दिला. यून दोंग-जूचा झाला हिरानुमा तोजू. त्याच्या बरोबर पाच दिवस आधीची, २४ जानेवारीची, त्याची एक कविता आहे. नाव 'कबुलीजबाब' असं काहीसं करता येईल. गंजलेल्या जुन्या आरशात स्वतःचं तोंड बघून शरमणाऱ्या माणसाची ती कविता. कागदाच्या समासात त्याने नुसते शब्द गिरवून ठेवलेत, पेन चालवत बसावं तसे. तारखा टाकायची सवय नसती तर या दोन कागदांचा संबंध कुणाला कळलाच नसता.

काहींना प्रश्न पडतो, एवढा मानी होता तर जपानला गेलाच कशाला? उत्तर साधं आहे. पुढचं शिक्षण तिथेच होतं. आपल्याकडे इंग्रजांशी लढणारे बॅरिस्टर व्हायला लंडनलाच गेले ना.

१९४२ च्या वसंतात यून तोक्योच्या रिक्क्यो विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकायला लागला. सोंग क्योतोच्या इम्पीरियल विद्यापीठात. तोक्योहून यूनने कांग छो-जुंग नावाच्या योन्हीतल्या मित्राला पत्रातून पाच कविता पाठवल्या, विद्यापीठाच्या छापील कागदावर लिहिलेल्या. जपानमध्ये त्याने लिहिलेल्यांपैकी एवढ्याच कविता आज शिल्लक आहेत. त्यातल्या एकीत आईवडिलांच्या कष्टाच्या पैशावर परदेशात शिकायचं आणि कविता मात्र सहज सुचायची, याची लाज वाटणारा पोरगा आहे. भाड्याच्या खोलीत राहून घरून येणाऱ्या पैशांवर एमपीएससी करणाऱ्याला ही कविता कुणी समजावून सांगायची गरज नाही.

शरद ऋतूत तो क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात आला. आता सोंगची खोली चालत पाच मिनिटांवर. दोघे भाऊ पुन्हा एकत्र.

पण सोंगच्या मागे पोलिसांचा डोळा आधीपासूनच होता. १९३५ साली तो शाळा सोडून चीनमध्ये कोरियन स्वातंत्र्यसैनिकांकडे गेला होता, पुढच्या वर्षी पकडला गेला होता आणि तेव्हापासून त्याचं नाव नजर ठेवायच्या यादीत होतं. क्योतोत हे दोघे आणि दोन-चार कोरियन पोरं खोलीवर बसून बोलायची. कोरियन साहित्य, इतिहास, सक्तीची सैन्यभरती, स्वातंत्र्य कधी मिळेल. खास पोलिस हे सगळं टिपून घेत होते.

१९४३ च्या उन्हाळ्यात यूनने घरी जायचं ठरवलं. वर्गातले जपानी मित्र त्याला निरोप द्यायला उजी नदीवर सहलीला घेऊन गेले. तिथे झुलत्या पुलावर सगळ्यांनी फोटो काढला. नदीकाठी मित्रांच्या आग्रहाखातर त्याने आरिरांग हे कोरियन लोकगीत म्हटल्याची आठवण त्यातल्या एका वर्गमैत्रिणीने म्हातारपणी सांगितली. हा त्याचा आज मिळणारा शेवटचा फोटो.

१० जुलैला सोंगला उचललं. १४ जुलैला यूनला. गावी जायची तयारी झाली होती.

तारीख बघा. १९४३ चा जुलै. याच महिन्याच्या सुरुवातीला सिंगापुरात नेताजी सुभाषचंद्र बोसांनी जपानच्या मदतीने आझाद हिंद चळवळीची सूत्रं हातात घेतली होती. आणि आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्याच जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत करत आदल्या वर्षीच्या डिसेंबरात तिकडे वारले होते. एकच जपान, कुणाला मित्र, कुणाला शत्रू. कोरियन माणसाला आपण हा इतिहास सांगताना जपून सांगावा लागतो तो यामुळे.

पोलिस ठाण्यात यूनचं काम काय होतं माहितीये? त्याच्याच जप्त केलेल्या कोरियन लिखाणाचं जपानीत भाषांतर करणं. नात्यातले एक काका त्याला भेटायला गेले तेव्हा तो पोलिसासमोर बसून हेच करत होता. स्वतःच्या कविता स्वतःच्या हाताने सरकारी भाषेत उतरवायच्या, म्हणजे खटला चालवायला बरं.

३१ मार्च १९४४ ला क्योतोच्या कोर्टाने निकाल दिला. शांतता राखण्याच्या कायद्याखाली दोन वर्षं. तो निकाल आज उपलब्ध आहे. त्यात बाँब नाही, बंदूक नाही, पत्रकंही नाहीत. आहेत ती बोलणी. मित्राशी कोरियन संस्कृतीबद्दल बोलला, कोरियन शिक्षण बंद केल्यावर टीका केली, कोरियन साहित्य टिकलं पाहिजे म्हणाला. सोंगलाही पुढच्या महिन्यात तेवढीच शिक्षा झाली.

दोघांना फुकुओकाच्या तुरुंगात पाठवलं. घरी महिन्याला एक पोस्टकार्ड लिहायची मुभा, तेही जपानीतच. मांचुरियातल्या घरी आई पोराच्या कार्डाची वाट बघायची आणि ते यायचं परक्या भाषेत. त्याने घरून बायबलचा नवा करार मागवला होता, एका बाजूला इंग्रजी आणि एका बाजूला जपानी असलेला.

१९४५ च्या फेब्रुवारीत कार्ड आलं नाही. तार आली. १६ फेब्रुवारीला दोंग-जू वारला, मृतदेह घेऊन जा.

वडील आणि काका लांबचा प्रवास करून फुकुओकाला निघाले. ते वाटेत असताना घरी तुरुंगाचं आणखी एक पत्र पोचलं. त्यात लिहिलं होतं की दोंग-जूची प्रकृती गंभीर आहे, आणि बरंवाईट झालं व न्यायला कुणी आलं नाही तर देह विद्यापीठाला शवविच्छेदनासाठी दिला जाईल. म्हणजे मेल्याची बातमी आधी आणि आजारी असल्याची नंतर.

तुरुंगात त्यांना आधी सोंग भेटला. हाडांचा सापळा झालेला. त्याने सांगितलं की इथे कसलीतरी इंजेक्शनं देतात. या इंजेक्शनांवरून पुढे फार लिहिलं गेलं, वैद्यकीय प्रयोगाचा संशय अनेकांनी मांडला, पण ते सिद्ध करणारं कागदपत्र समोर आलेलं नाही. सोशल मीडियावर हे पक्कं सत्य म्हणून फिरतं, तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. सोंगही मार्चच्या सुरुवातीला गेला.

यून मरताना मोठ्याने काहीतरी ओरडला, असं एका जपानी पहारेकऱ्याने वडिलांना सांगितलं. काय ओरडला ते त्याला कळलं नव्हतं. ते कोरियनमध्ये होतं.

वय होतं २७. सुटायची तारीख होती १९४५ चा नोव्हेंबर. आणि कोरिया स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४५ ला, त्याच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी.

अस्थी घेऊन वडील घरी आले. ६ मार्चला लोंगजिंगला दफनविधी झाला, त्यात कॉलेजच्या मासिकात छापलेल्या त्याच्या दोन कविता वाचल्या गेल्या. घरच्यांनी थडग्यावर दगड बसवला आणि त्यावर कोरलं, कवी यून दोंग-जू. जगात तेव्हा त्याला कवी म्हणून ओळखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पुस्तक नाही, नाव नाही. बापाने मात्र दगडावर कवीच लिहिलं. डॉक्टर हो म्हणणारा हाच बाप.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तीन वह्या आठवतात ना?

यूनकडची वही गेली. सरांना दिलेलीही पुढे कधी दिसली नाही. उरली जोंग ब्योंग-उकची. १९४४ साली जोंगलाही जपानी सैन्यात सक्तीने ओढलं. निघण्याआधी त्याने ती वही कोरियाच्या दक्षिण टोकाला, ग्वांगयांगच्या बंदराजवळच्या आपल्या घरी आईकडे दिली, आणि जपून ठेवायला सांगितलं. आईने ती कापडात गुंडाळली आणि घरातल्या लाकडी फळ्यांच्या जमिनीखाली लपवली. लढाई संपेपर्यंत ती तिथेच होती. वरून माणसं ये-जा करत होती आणि खाली कोरियन कवितेचा एक ठेवा पडून होता. ते घर आज सरकारने वारसा म्हणून राखलंय.

जोंग जखमी होऊन का होईना, जिवंत परतला. तिकडे कांग छो-जुंग सोलमध्ये 'क्योंगह्यांग' पेपरात पत्रकार झाला होता. त्याच्याकडे तोक्योहून आलेल्या कविता होत्या. १३ फेब्रुवारी १९४७ ला त्याच्या पेपरात यूनची कविता छापून आली. सोबत जोंग जी-योंग या मोठ्या कवीची ओळख. विद्यार्थी असताना यून ज्यांच्या कविता वाचायचा तेच हे जोंग जी-योंग.

वही आणि पत्रातल्या कविता एकत्र करून ३१ कवितांचं पुस्तक निघालं. नाव तेच, 'आकाश, वारा, तारे आणि कविता'. पुस्तकावर छापलेली तारीख आहे ३० जानेवारी १९४८. आपल्याकडे त्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला.

त्याच वर्षाच्या शेवटी यूनची बहीण मांचुरियातून सीमा ओलांडत दक्षिणेकडे आली, आणि येताना भावाच्या जुन्या वह्या अंगाशी बांधल्यासारख्या जपत घेऊन आली. त्यामुळे शाळेपासूनच्या, बालकवितांसकट सगळ्या कविता हाती लागल्या. १९५५ साली वाढवलेली आवृत्ती आली.

या दुसऱ्या आवृत्तीतून मात्र दोन नावं गायब झाली. जोंग जी-योंगची प्रस्तावना आणि कांग छो-जुंगचा लेख. मध्ये कोरियन युद्ध होऊन गेलं होतं. जोंग जी-योंग त्या धामधुमीत बेपत्ता झाले, उत्तरेला गेले असं मानलं गेलं आणि दक्षिण कोरियात त्यांच्या कवितांवर १९८८ पर्यंत बंदी राहिली. कांग डाव्या विचारांचा, त्याचंही नाव घेणं धोक्याचं झालं. म्हणजे ज्या दोघांनी यूनला लोकांसमोर आणलं त्यांचीच नावं आता त्यांच्याच देशाच्या सरकारच्या भीतीने पुसली गेली. परकं सरकार गेलं म्हणून हे थांबलं नव्हतं. कांगचं श्रेय त्याला मिळायला फार वर्षं गेली.

यूनचं थडगंही असंच हरवलं होतं. लोंगजिंग आता कम्युनिस्ट चीनमध्ये आणि दक्षिण कोरियाचे चीनशी संबंधच नाहीत. धाकटा भाऊ यून इल-जू सोलमध्ये प्राध्यापक झाला होता, पण भावाच्या थडग्यावर जाऊ शकत नव्हता. त्याने ओमुरा मासुओ या जपानी अभ्यासकाला सांगितलं, आणि १९८५ च्या मे महिन्यात ओमुरांनी ते गवतात दडलेलं थडगं शोधून काढलं. कवीला जपानच्या तुरुंगात मारलं आणि त्याचं थडगं शोधलं एका जपान्याने. इल-जू त्याच वर्षी वारला. आणि हो, जोंग ब्योंग-उकच्या बहिणीचं लग्न याच इल-जूशी झालं होतं. वही जपणारं घर आणि कवीचं घर सोयरे झाले.

जपानमध्ये इबारागी नोरिको नावाची कवयित्री होती. नवरा वारल्यावर पन्नाशीत तिने कोरियन शिकायला घेतली. यून दोंग-जूवर तिने लिहिलेला लेख १९९० साली जपानच्या हायस्कूलच्या पुस्तकात आला. १९९५ साली दोशिशा विद्यापीठात त्याच्या कवितेचा दगड उभा राहिला.

चीनने म्योंगदोंगमधलं त्याचं घर पुन्हा बांधलं आणि बाहेर पाटी लावली ती चीनमधल्या कोरियन समाजाचा देशभक्त कवी अशी. दक्षिण कोरियातली मंडळी यावर दरवर्षी भडकतात. हयातभर कोरियनमध्ये लिहिणारा माणूस चीनचा कसा, हा त्यांचा सवाल. जन्म आमच्या हद्दीत, हे चीनचं उत्तर.

१६ फेब्रुवारी २०२५ ला त्याला जाऊन ८० वर्षं झाली. त्या दिवशी दोशिशा विद्यापीठाने त्याला मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली.

त्याची कोरियन अगदी साधी आहे. मालिका बघून बघून ज्यांना थोडी हंगुल लिपी वाचता यायला लागलीये, त्यांनी त्याच्या बालकवितांपासून सुरुवात केली तरी चालेल. शब्द रोजचेच आहेत. आई, चांदण्या, कुत्रा, शाळेतल्या पोरींची नावं.

फक्त त्याच्या शेवटच्या वर्षातल्या कविता कुठे मिळणार नाहीत. तोक्योतून पाठवलेल्या पाच कवितांनंतर क्योतोत त्याने जे काही लिहिलं ते १९४३ च्या जुलैत पोलिसांनी उचलून नेलं. ते कागद, आणि त्याने पोलिसांसमोर बसून केलेलं त्यांचं जपानी भाषांतर, दोन्ही आजपर्यंत सापडलेलं नाही.